फाटकाबाहेरची चटई

लाफाएलेने वडिलांच्या पलंगावरची गादी उचलून पाहिली. खाली चटई नव्हती.

ती चटई बसण्यानिजण्याची नव्हतीच. त्याच्या पणजीने विणलेली, धुऊन धुऊन लुगड्यासारखी मऊ झालेली, काठाला लाल पिसं. लग्नात नाहीतर मयतात ती बाहेर निघायची, एरवी गादीखाली. आज घरात लग्न नव्हतं आणि कुणी गेलंही नव्हतं. राहता राहिलं तिसरं कारण. ते लक्षात आलं आणि त्याने गाडीची किल्ली उचलली.

सामोअन घरातल्या कुणाच्या हातून मोठा गुन्हा घडला, की त्या घरचा कर्ता उजाडायच्या आत समोरच्यांच्या अंगणात जाऊन बसतो, डोक्यावरून चटई ओढून. आतल्यांनी येऊन चटई उचलली, तर माफ केलं. नाही उचलली, तर बसून राहायचं. सामोआची बेटं सोडून ऑकलंडला येऊन चाळीस वर्षं झाली तरी त्याच्या वडिलांच्या, म्हाताऱ्या पेलेनातोच्या, लेखी यात काही बदललं नव्हतं.

लाफाएलेने गाडी काढली आणि वाटेतच वकीलबाईंना फोन लावला. मिसेस ड्रमंड झोपेतून उठल्या होत्या, पण दोन वाक्यांत खडबडून जाग्या झाल्या.

"तुमचे वडील तुमच्या सासूच्या दारात माफी मागायला बसलेत? पुढच्या आठवड्यात तारीख आहे आपली! ही चक्क कबुली होईल. उठवा त्यांना."

"मला त्या फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी आहे."

"मग बाहेरून उठवा!"

बाहेरून उठवायचं. गेले चार महिने त्याचं सगळंच बाहेरून चाललं होतं. चार वर्षांच्या लुपेला तो शनिवारी दोन तास भेटायचा. एका परक्या खोलीत, कोपऱ्यात एक बाई नजर ठेवून बसलेली. पोरीचं नाक पुसायचं तरी आधी त्या बाईकडे बघायची सवय त्याला लागली होती. लुपेच्या हातावर भाजल्याचा डाग होता आणि तो बापाने मुद्दाम दिलेला चटका आहे, असं तिच्या आईने, फिलोमेनाने, कोर्टात लिहून दिलं होतं. दोघं वेगळे झाल्यापासून पोर कुणाकडे राहणार यावर ओढाताण चाललीच होती. त्यात हे. चटका बसला त्या रविवारी चर्चनंतर पोरीला आजीकडे जेवायला सोडलं, तेव्हा हात साफ होता, हे लाफाएले सांगून सांगून थकला. पण आजी, म्हणजे त्याची सासू आकेनेसे, म्हणाली होती, "आली तेव्हाच हाताला फडकं होतं." सासू रोज चर्चला जाणारी. तिच्यापुढे त्याचं कोण ऐकणार? लुपेला विचारावं, तर ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायची.

फिलोमेना आता लुपेला घेऊन आईकडेच राहत होती. मांगेरेतल्या त्या घरापुढे तो पोचला तेव्हा उजाडत होतं. गवतावर हिव पडलं होतं आणि अंगणाच्या मधोमध चटईचा एक ढीग होता. विमानतळावर कामाला निघालेल्या शेजाऱ्याने तो पाहिला, टोपी काढून हातात घेतली आणि खाली मान घालून निघून गेला.

"बाबा, उठा."

चटई हलली नाही.

"बाबा, वकीलबाई म्हणतात, ही कबुली होते."

"त्या बाईला सांग, तिच्या जन्माआधीपासून आम्ही असे बसतोय," चटईखालून आवाज आला.

"मी काही केलंच नाही, तर माफी कसली मागताय?"

"हळू बोल. माफी मागायला आलेल्याने ओरडू नये."

लाफाएलेने फाटकाची दांडी धरली आणि लगेच सोडली. मग जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तेच विचारलं.

"तुम्हालाही वाटतं का, मी केलं असेल?"

चटई जराशी सरकली.

"ते मी तुला कधी विचारलं का? मला नात बघायचीय. तू केलं नसशील तरी मी बसतो, केलं असशील तरी बसतो."

परक्यांनी संशय घेतला तर माणूस चिडतो. बापाने घेतला तर चिडणार कुणावर?

तेवढ्यात दार उघडलं आणि आकेनेसे बाहेर आली. घरातल्या सपाता पायात आणि खांद्यावर तिची स्वतःची चटई. सपाता जवळ आलेल्या ऐकून म्हाताऱ्याने चटईखाली मान आणखी वाकवली. सपाता थांबल्या नाहीत. त्याला वळसा घालून ती फाटकापाशी आली, कडी काढून बाहेर रस्त्यावर आली आणि लाफाएलेच्या समोर, थंडगार फरशीवर, गुडघे धरत धरत खाली बसली. चटई तिने डोक्यावरून ओढून घेतली.

"काय झालं? आली का ती?" अंगणातून आवाज आला.

"आली."

"मग उचलत का नाही?"

लाफाएलेच्या पायाशी चटईखालून सासू बोलत होती.

"फडकं मी बांधलं. दगड माझ्या चुलीतले, ज्यांवर रविवारचं जेवण शिजतं ते. तापलेले दगड बाजूला काढत होते, पोर मागून आली, मला दिसलीच नाही. फिलोमेना ओरडेल म्हणून म्हटलं, आली तेव्हाच बांधलेलं होतं. एकदा बोलले. मग दर वेळी तेच बोलावं लागलं."

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. एक फोटो, बस. मिसेस ड्रमंड खूश होतील. त्याने फोन वर धरला. पडद्यावर नुसतीच चटई दिसत होती, माणूस कुठेच नव्हतं. त्याने फोन परत खिशात टाकला.

पण चटईही उचलली नाही. बसू दे तिला, असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. चार महिने तो जसा बाहेर होता तसा तिनेही थोडा वेळ बाहेर काढावा. तिचे पाय चटईबाहेर राहिले होते आणि टाचा थंडीने पांढऱ्या पडल्या होत्या. तो त्या टाचांकडे बघत उभा राहिला.

"आजी कुठंय?" आतून लुपेचा आवाज आला.

त्याने वाकून चटई उचलली.

आकेनेसे त्याच्या हाताचा आधार न घेता उठली. अंगणात जाऊन तिने म्हाताऱ्याच्या डोक्यावरची चटई काढली.

"उठा. चुकीच्या अंगणात बसलात तुम्ही."

"म्हणजे माफ केलं ना?" म्हाताऱ्याने डोळे चोळत विचारलं.

"आत जा. नात उठलीय. तुम्हाला कुठे बंदी आहे?"

दारात फिलोमेना उभी होती. म्हाताऱ्याला वाट द्यायला ती बाजूला झाली, पण नजर आईवर होती.

"आई, एवढ्या सकाळी कुठे निघालीस?"

"चुलीचं सांगायला, ह्याच्या वकिलाकडे," आकेनेसे म्हणाली आणि मागे न बघता लाफाएलेच्या गाडीत जाऊन बसली. मांडीवर तिने आपली चटई गुंडाळून घेतली होती.

बराच रस्ता दोघं काही बोलली नाहीत. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने समोर बघतच विचारलं,

"फिलोमेनाला माहीत होतं?"

तिने चटईच्या काठाचं एक पीस बोटाने सरळ केलं.

"पहिल्या दिवशी नव्हतं," ती म्हणाली. "लुपेला तिच्या आईपासून तोडतील का रे?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. हेच तर त्याला हवं होतं. चार महिने रोज रात्री तो हेच मागत झोपला होता.

"दगडांचं तेवढं सांगा," तो म्हणाला. "पहिल्या दिवसाचं. पुढचं मी काही ऐकलं नाही."

त्याने गाडी पुढे घेतली. सासूचे पाय सपातांमध्ये थरथरत होते. चार महिन्यांत त्याने तिला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.

"पाय इकडे करा, आई," तो म्हणाला. "हीटर लावतो."