घडीतला प्रश्न

साहेबांच्या सहीला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. सही होतीच तशी देखणी, ठसठशीत, आणि मिनिटाला सहा या वेगाने होणारी. इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर गेली अकरा वर्षं ते घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून इतरांनी काढलेल्या ड्रॉइंगवर सही-शिक्का करत होते. ड्रॉइंगवाल्या बाई कागदाची घडीच अशी घालून आणत, की सहीची चौकट बरोबर वर यावी. घडी उलगडायचा प्रश्नच नव्हता. उलगडली तर कागद टेबलभर पसरणार, मग चहा ठेवायचा कुठे?

त्यातल्याच एका इमारतीची बाल्कनी, खालचे सेंटरिंगचे टेकू काढताक्षणी, पाहुण्याला वाकून नमस्कार करावा तशी पुढे झुकली. देवाची कृपा, तेव्हा खाली कोणी नव्हतं. पण साहेबांना चौकशीचं पत्र आलं आणि चाळीस वर्षं जपलेला परवाना टांगणीला लागला.

साहेबांचा मेहुणा वकील. त्याने धीर दिला. "भाऊजी, एकच वाक्य धरून बसायचं. ड्रॉइंग मी काढलेलं नाही. खोटं आहे का ते?"

"नाही."

"मग झालं तर! खरं बोलायला कसली आलीय भीती?"

चौकशीच्या दिवशी साहेबांनी ते वाक्य असं काही म्हटलं, की मेहुण्याने मान डोलावली.

"काढलं नाहीत, मान्य," चौकशी अधिकारी बाई म्हणाल्या. "पाहिलंत का?"

"म्हणजे... चौकट पाहिली."

"चौकटीला काही झालेलं नाही हो. झुकलीय ती बाल्कनी."

मेहुणा पुढे सरसावला. "मॅडम, भाऊजींनी विश्वासाने सही केली. ज्यांनी काढलं त्या बाई समोरच बसल्यात. त्यांना विचारा ना!"

ड्रॉइंगवाल्या बाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. "ठेकेदाराच्या कच्च्या कागदावर होतं तसं मी उतरवलं. पण शंका आली, म्हणून साहेबांना विचारलं होतं."

"कधी? तोंडी?" मेहुण्याने हटकलं.

"छे, लिहून. सही चालू असताना बोललं की साहेबांचं वळण बिघडतं."

अधिकारी बाईंनी कागद उलगडला. बाल्कनीभोवती पेन्सिलीने गोल केला होता, आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'साहेब, सळया खाली दाखवल्या आहेत. वर हव्यात का? कृपया पाहावे.'

"हीच प्रत साइटवर गेली. ठेकेदार म्हणतो, प्रश्नाखाली शिक्का होता, आम्ही तेच उत्तर समजलो आणि सळया खालीच ठेवल्या," अधिकारी बाई म्हणाल्या.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. अधांतरी पुढे आलेल्या स्लॅबचा ताण वरच्या अंगाला, म्हणून सळयाही वर. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे झोपेत सांगता आलं असतं.

मेहुणा कानाशी लागला. "भाऊजी, म्हणा, पेन्सिल नंतरची आहे. कोण सिद्ध करतंय?"

एवढं म्हटलं की परवाना वाचला असता, आणि सगळं बाईंच्या अंगावर गेलं असतं. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. त्यांची नजर त्या कागदावर होती, उत्तर अजून यायचंय अशी.

"पेन्सिल आधीचीच आहे," साहेब म्हणाले. "कागद मी उलगडलाच नाही. बाईंकडे बोट दाखवू नका."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. साहेबांना मात्र इतकं हलकं वाटलं, की त्यांना राहवेना. त्यांनी बाईंकडून पेन्सिल मागून घेतली, वाकून खालच्या सळयांवर काट मारली, वर नव्या काढल्या आणि लिहिलं, 'होय, वरच.'

"अहो, हे काय करताय!" अधिकारी बाई ताडकन उठल्या. "पुरावा आहे तो!"

अकरा वर्षांत साहेबांनी तपासून दुरुस्त केलेलं ते पहिलं ड्रॉइंग. पुढे परवाना दोन वर्षांसाठी गेला. पुराव्यात फेरफार केल्याबद्दल वर आणखी सहा महिने.

त्या क्षणी मात्र ड्रॉइंगवाल्या बाई मान पुढे करून उत्तर वाचत होत्या.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "दोन सळयांमधलं अंतर लिहायचं राहिलं."