चिमटीतलं चौथं बोट

मित्रांनो, मी एक जुनी अंगठी आहे. चांदीची, साधी. खडा नाही, नक्षी नाही. त्यामुळे मला चोरायला कोणी येत नाही आणि मी निवांत सगळ्यांच्या खोड्या बघत बसते.

माझा जन्म एका मोडक्या चमच्यातून झाला. सोनाराने तो वितळवला, ठोकून ठोकून गोल केला आणि एका तरुण प्लंबरला विकला. प्लंबरने मला आपल्या बायकोच्या करंगळीशेजारच्या बोटात घातलं. घालताना मी अगदी सहज सरकले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडणार आहे.

बायको एका कारखान्याच्या फाटकाशी गाडी लावून ऑम्लेट विकायची. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते. नवी होते तेव्हा माझे फार लाड. रोज दातांची पेस्ट लावून मला घासायची आणि गिऱ्हाइकाला पाव देताना हात जरा पुढेच करायची.

मीठ टाकायला मावशीने कधी चमचा वापरला नाही. अंगठा, शेजारचं बोट, आणि चिमूट गेली तव्यावर. मी आपली वरून कोरडी राहून बघत असायची.

मग एक ट्रकवाला रोज यायला लागला. पहिला घास तोंडात गेला की म्हणायचा, "मावशी, आज मिठाला हात आखडला का?" मावशीने मधलं बोट चिमटीत घेतलं. गिऱ्हाईक खूश. हळूहळू सगळ्यांच्या जिभा त्या चवीला सरावल्या, मावशीचीसुद्धा. आता तिलाच अळणी लागायला लागलं. मग एका सकाळी चौथं बोटही मिठात उतरलं. ते माझं बोट होतं, मित्रांनो. मीठ माझ्या आत जाऊन बसलं. अंड्याची वाफ होतीच. मी काळी पडले, आणि मावशीने मला घासायचं सोडून दिलं.

घरचा स्वयंपाक त्याच हाताने व्हायचा, त्यामुळे चौथं बोट घरातही पोचलं.

मावशीचं वजन वाढलं तेव्हा तिने मनावर घेतलं. साखर बंद केली, भात अर्धा केला, पहाटे चालायला लागली. भूक लागली की काकडी खायची, तिच्यावर माझ्या बोटासकट चिमूट. संध्याकाळी पाकिटातलं सूप आणि मूठभर खारे दाणे. वजनाचा काटा थोडा खाली जायचा आणि दोन दिवसांत परत वर यायचा.

"काटा बिघडलाय," प्लंबर म्हणाला.

"तुम्ही उभे राहा बघू."

प्लंबर उभा राहिला, काटा बघितला आणि लगेच उतरला. "काटा बरोबर आहे," म्हणाला.

त्यातच मी बोटात रुतले. सकाळी जरा हलायची, संध्याकाळी अजिबात नाही. प्लंबरने साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून ओढलं.

"अहो, बोट येईल हातात."

"आयुष्यभर गंजलेले नळ सोडवले गं, आणि ही टिकलीएवढी अंगठी ऐकेना."

शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी रक्तदाब घेतला. तो वर होता. मग मावशीच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"ही नुसती चरबी नाही, पाणी धरलंय अंगाने. तपासण्या करू, म्हणजे आणखी काही नाही ना ते कळेल. मीठ किती खाता?"

"चिमूटभर."

"दाखवा बरं."

मावशीने हवेत चिमूट धरली. चारही बोटं जुळली. प्लंबर खो खो हसला. "अगं, ही चिमूट म्हणायची का फावडं?"

बाईंनी मला निरखून बघितलं. माझ्या कडेला मिठाचा कण चिकटलेला होता. "मीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून काटा वर जातो. तहान लागते, खारं खाल्लं की आणखी खावंसं वाटतं. मीठ कमी केलंत तर अंगावरची सूज उतरेल, चरबी नाही. तिच्यासाठी चालणं आणि मोजकं जेवणं हवंच. अंगठी पुढच्या खेपेला बघू. तोवर बोट निळं पडलं, तर त्याच क्षणी या. कापावी लागेल."

माझं धाबं दणाणलं. मावशीने मूठ घट्ट मिटली.

तपासण्यांत भलतंसलतं काही निघालं नाही. मग मावशीने जे केलं त्याला मी खोडी म्हणेन. गिऱ्हाइकांना काही न सांगता तिने आधी माझं बोट वर घेतलं आणि वर मिरपूड, लिंबू वाढवलं. जिभा सरावल्या, तसं मधलंही बोट काढलं. ट्रकवाला घास चघळून म्हणाला, "मावशी, आज काहीतरी वेगळं टाकलंय."

"टाकलंय ना," मावशी म्हणाली आणि तव्याकडे बघून हसली.

घरात मात्र प्लंबरच्या हत्यारांच्या पिशवीतून खाऱ्या दाण्यांची पुडी निघाली. त्यावर काय बोलणं झालं ते मी मुलांसमोर सांगत नाही.

काही आठवड्यांनी मावशी भांडी घासत होती. साबणाच्या फेसात मी अलगद सरकले आणि थेट मोरीच्या पाइपात गेले. वरून मावशीचा आवाज आला, "अहो, सुटली."

"कोण?"

"अंगठी. पाइपात गेली."

प्लंबरने बादली लावली, पाइप उघडला, गाळातून मला काढलं, पेस्ट लावून स्वतः घासलं. मग मला मावशीच्या बोटात घातलं. मी तशीच सहज सरकले. "परत पडेल," म्हणत त्याने मला काढून आतून दोऱ्याचे दोन वेढे घातले आणि परत चढवलं.

मित्रांनो, पुढच्या खेपेला मला कापायची वेळ आली नाही. रक्तदाबही थोडा उतरला. मावशी अजून चालते, बारीक व्हायची आहेच. तुम्ही आज जेवायला बसाल तेव्हा, मीठ वरून घेण्याआधी स्वतःच्या चिमटीकडे एकदा बघा. किती बोटं जमलीत तेवढं मोजा, आणि एक तरी कोरडं ठेवा. त्या बोटात उद्या माझ्यासारखी कोणीतरी राहायला येणार असेल.