सडका कांदा कुणाकडेच नव्हता

मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटावर, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी जो धुळकट प्लास्टिकचा डबा दिसतो ना, तो मी. पण मला डबा म्हणू नका, मला राग येतो. माझं नाव आहे 'स्मार्ट कांदा रक्षक'. माझ्या तोंडावर लाल दिवा आहे, पोटात कर्कश ओरडणारा बझर आहे, आणि पुढे जाळीची टोपी घातलेलं नाक आहे. तुम्ही मला जुना म्हणाल. म्हणा बापडे. पण जुनं व्हायला मला पुरतं वर्षसुद्धा लागलं नाही. प्रदर्शनासाठी जन्मलेल्या वस्तू फार लवकर म्हाताऱ्या होतात.

लासलगावजवळच्या एका गावात माझा जन्म झाला. नववीतल्या सायलीनं मला घडवलं. त्या पावसाळ्यात तिच्या घरचा उन्हाळ कांदा चाळीत आतल्या आत सडला होता. कांदा साठवायच्या लांबट, हवेशीर चाळीत वरून ढीग चांगला दिसतो. कुजतो तो मधे, आणि वास बाहेर येईस्तोवर निम्मा ढीग हातचा गेलेला असतो. सायलीची आई भागीबाई तो लगदा घमेल्यानं उपसत होती. सायली नाकाला ओढणी लावून मदत करत होती. ढिगाच्या पोटात एखादं नाक ठेवता आलं तर, असं तेव्हा तिच्या मनात आलं.

शाळेत इलेक्ट्रॉनिक्सचं किट आलेलंच होतं, आणि जिल्ह्याच्या तंत्रज्ञान प्रकल्प स्पर्धेचं पत्रकही. शेखर सरांनी किटची पेटी सायलीपुढे ठेवली. खरं सांगतो, माझं नाक मुळात दारूचा वास ओळखायचं. पेटीत तेवढं एकच नाक होतं. पण कांदा आंबून कुजू लागला की त्यालाही काहीसा तसाच वास सुटतो, हे सायलीनं बरणीत कांदे कुजवून ताडलं. तिची मैत्रीण निकिता शेजारी बसून "शी, शी" करत वायरी धरायची. एकदा मला घरी नेलं होतं. संध्याकाळी सायलीचे सहादूकाका बाजारातून आले, ओट्यावर माझ्याजवळ टेकले आणि मी असा काही ओरडलो की शेजारपाजारचे धावत आले. भागीबाई हसून हसून लाल झाली. काका मात्र चार दिवस माझ्याशी अबोला धरून होते.

एक गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक होती. किट शाळेचं. स्पर्धा संपली की वस्तू सोडवायची आणि भाग पेटीत परत घालायचे, असा शाळेचा रिवाज. राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली तरच वस्तू जशीच्या तशी राहते. सर म्हणाले, "सायली, निवड होऊ दे. मग मी स्वतः येऊन हा तुमच्या चाळीत बसवतो." त्या दिवसापासून सायलीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. तिला बक्षिसाची ढाल नको होती. तिला मी चाळीत हवा होतो.

स्पर्धा नाशिकला, हिवाळ्यात. चाळीच्या तळाशी उरलेले सडके कांदे सायलीनं आदल्या दिवशी वेचून पिशवीत बांधून ओट्यावर ठेवले. मित्रांनो, त्या पिशवीकडे पाहून मला किती आनंद झाला म्हणून सांगू. असा झणझणीत, डोळ्यात पाणी आणणारा वास होता तो. सकाळी जीप आली, गडबड उडाली. सायलीनं मला उचललं, पिशवी उचलली आणि आम्ही निघालो.

नाशिकच्या मंडपात टेबलावर सायलीनं पिशवीची गाठ सोडली आणि तिचा चेहरा उतरला. आत नुकताच काढलेला लाल कांदा होता. एकसारखा, टणक, माती पुसलेला. तिनं सरांच्या फोनवरून घरी फोन लावला. भागीबाईचा आवाज मला ऐकू आला, मोठा खूश आवाज होता.

"अगं, ती घाण मी उकिरड्यावर टाकली. एवढे मोठे साहेब येणार, त्यांच्यापुढं सडका कांदा नेती का? लोक काय म्हणतील? चांगला निवडून भरलाय बघ."

"आई, सडकाच पाहिजे होता गं," सायली म्हणाली. पलीकडून भागीबाई हळूच म्हणाली, "मला काय ठाऊक, पोरी. मला वाटलं, चुकून सडका भरला तू."

निकिता सरांना सांगून बाहेर भाजीवाल्यांकडे धावली. धापा टाकत परत आली ती रिकाम्या हातानं. "कुणी देईना. एक जण म्हणतो, मी सडका माल ठेवीतच नाय. दुसरा भांडायलाच उठला, माझ्या मालाला सडका म्हणती का म्हणून." अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कांदा सडतो, मित्रांनो, पण त्या दिवशी तो कुणाकडेच नव्हता.

परीक्षक आले. सायलीनं माझं बटण दाबलं आणि लाल कांदे माझ्या नाकाशी धरले. मी जीव तोडून हुंगलं. पण ताज्या कांद्यावर खोटं ओरडू कसा? मी गप्प राहिलो.

"वाजत नाही का हे?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, कांदे चांगले आहेत म्हणून वाजत नाही. सडलेले असते तर वाजलं असतं."

"असते तर सगळंच वाजतं, बेटा," ते म्हणाले. त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्यांना अजून पुष्कळ टेबलं पाहायची होती.

एवढ्यात प्रमुख पाहुणे आले. सत्काराच्या वेळी स्वागत समितीनं त्यांच्या शालीवर, हातांवर भरपूर सेंट फवारला होता. ते कौतुकानं माझ्यावर वाकले, आणि माझ्या नाकात तो स्पिरिटचा भपकारा शिरला. मी काय करणार? मी ओरडलो. लाल दिवा लावून, बझर फुटेल इतका ओरडलो. सगळा मंडप हसला. पाहुणेही आधी हसले. "मी सडलोय का रे?" असं म्हणाले, आणि लोक जास्तच हसले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढे गेले. पहिला नंबर हात दाखवला की झाकण उघडणाऱ्या कचराकुंडीचा आला.

परतीच्या जीपमध्ये सायलीनं सरांना विचारलं, "सर, एक हंगाम राहू द्या ना याला माझ्याकडं. पुढच्या स्पर्धेच्या आत आणून देते." सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकाला दिलं की सगळे मागतात गं." सर मनानं चांगले आहेत. म्हणून तर मला लगेच सोडवलं नाही, इथे कपाटावर ठेवलं. पण चाळीत काही नेलं नाही.

उन्हाळ्यात चाळ भरली, हे मला निकिताकडून कळलं. पावसाळ्यात ती पुन्हा मधूनच सडली, तेही तिच्याकडूनच कळलं. मी इथे कपाटावर होतो, धडधाकट. मला खडूच्या भुकटीचा तेवढा वास येत होता. एवढी लाज मला त्या मंडपातही वाटली नव्हती.

आणि आज सरांनी मला खाली काढलंय. या वर्षी शाळा कचराकुंडी करणार आहे. तिला माझा मेंदू म्हणजे पोटातली चिप हवी, वायरी हव्यात. नाकाचं कुंडीला काम नाही, ते खडूंच्या डब्यात जाईल. सायली आता दहावीत आहे. जोडणी तिलाच ठाऊक, म्हणून सरांनी तिलाच सोडवायला बसवलंय. आठवीतली तेजस्विनी शेजारी पेटी धरून उभी आहे.

"ताई, हे चालायचं का गं?"

"चालायचं."

"मग तुमच्या चाळीत का नाय लावलं?"

सायलीनं स्क्रू काढून तिच्या तळहातावर ठेवला. "सांभाळ, हरवतील," एवढंच म्हणाली.

"ताई, या वर्षी तू काय करणार?"

"काय नाय. माझं झालं करून."

मित्रांनो, मला नंबर मिळाला नाही याचं मला फारसं दुःख नाही. पण वस्तू ज्या कामासाठी घडवता, त्या कामावर तिला एकदा तरी पाठवा. तिथे ती चुकली, तर खुशाल मोडा. वस्तूचे भाग पेटीत परत घालता येतात. ती घडवणाऱ्या मुलीचं तसं नसतं. हे मी कुणाला सांगतोय, आणि ऐकणार कोण, तेही मला कळत नाही. बाहेर मुलं कुंडीला कोणता रंग द्यायचा यावरून भांडताहेत.

वायरी निघाल्या. नाक निघालं. आता फक्त मेंदू उरलाय, आणि सायलीनं तो दोन बोटांत धरलाय. धरलाय, पण ओढत नाही. ओढ गं बाई. तास संपत आलाय.