नडगीपुरता सोबती

मित्रांनो, मी एक जुना शिनपॅड आहे. फुटबॉल खेळताना लांब पायमोज्याच्या आत, नडगीवर जे टणक कवच घालतात ना, तोच मी. आम्ही नेहमी जोडीने असतो. मी डाव्या पायाचा आणि माझा भाऊ उजव्या पायाचा. बाहेरून आम्ही कोणाला दिसत नाही. खेळाडूच्या बुटांचे फोटो छापून येतात, शर्ट काचेच्या पेटीत लावले जातात. आमचा रंग कोणता, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आज मीच बोलायचे ठरवले.

माझा जन्म पोर्तुगालमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. गरम साच्यात दाबून कामगारांनी माझी पाठ वाकवली आणि आतून मऊ अस्तर चिकटवले. तिथून मी सेतुबाल नावाच्या बंदराच्या गावी एका दुकानात येऊन पडलो. त्या गावात ग्रासा नावाची एक बाई मासळीच्या लिलावात काम करायची. तिचा मुलगा दुआर्ते तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो रोज संध्याकाळी नडग्या सोलून घरी यायचा. एक दिवस ग्रासाने त्याला दंडाला धरून दुकानात आणले आणि आमची जोडी त्याच्या हातात ठेवली.

"हे न घालता खेळलास तर घरात घेणार नाही," ती म्हणाली.

दुआर्ते लाजला. त्याचे मित्र पायमोज्यात पुठ्ठ्याचे तुकडे कोंबून खेळत. पण त्याने आईचे ऐकले, आणि आमचा प्रवास सुरू झाला.

दुआर्ते मधल्या फळीत खेळायचा. हे काम फार कष्टाचे असते. गोल करणारा पुढे असतो, गोल अडवणारा मागे असतो आणि मधला माणूस दोघांसाठी धावत राहतो. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा, मान वर करून पाहायचे आणि जो मोकळा असेल त्याला तो द्यायचा. त्यामुळे सगळ्यांत जास्त लाथाही त्यालाच बसतात. म्हणजे मलाच बसतात म्हणा ना! प्रत्येक लाथेचा ओरखडा माझ्या पाठीवर आहे.

अठराव्या वर्षी तो व्यावसायिक संघात गेला. पुढे लिस्बनच्या एका संघात खेळला, मग काही वर्षे ग्रीसमध्ये. तो उंच झाला, पाय भक्कम झाले, तरी मी तेवढाच राहिलो. मोठे खेळाडू पुष्कळदा लहानच शिनपॅड वापरतात. पाय हलका राहतो म्हणतात. एकदा तर त्याला देशाच्या संघात बोलावले. त्या दिवशी तो सामन्याचा पूर्ण उत्तरार्ध मैदानाच्या कडेला अंग गरम करत होता. प्रशिक्षकांनी त्याला आत पाठवलेच नाही. सामना संपल्यावर त्याने पायमोजे खाली ओढले, आम्हाला काढले आणि बराच वेळ हातात धरून बसला. देशाकडून खेळायची संधी पुन्हा कधी आली नाही.

मग आमचेही वाईट दिवस आले. एका कंपनीने त्याला चकचकीत नवे शिनपॅड दिले. आम्ही घामाने ओले असतानाच जुन्या बॅगेत गेलो आणि दोन हंगाम तिथेच राहिलो. अस्तराला वास येऊ लागला, कडा सुटू लागल्या. त्याच्याकडे राहायला आलेल्या ग्रासाने ती बॅग उघडली. तिने नाक मुरडले, आम्हाला साबणाने घासले आणि खिडकीत उन्हात ठेवले. "ज्यांनी पाय राखले त्यांना असं कुजवतोस?" एवढेच ती बोलली. दुआर्तेने दुसऱ्या दिवशी आम्हाला पुन्हा पायावर चढवले.

तेहेतिसाव्या वर्षी पोर्तुगालमध्ये सगळे त्याला म्हातारा म्हणू लागले. तेव्हा सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरातून बोलावणे आले. क्लबचे नाव अल-शिरा. अरबीत त्याचा अर्थ जहाजाचे शीड. संघ दुसऱ्या श्रेणीत होता आणि पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी त्यांना मधल्या फळीत अनुभवी माणूस हवा होता.

जेद्दाची हवा दमट. मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर सराव सुरू व्हायचा, तरी पहिल्या दहा मिनिटांत मी घामाने भिजायचो. तिथे आम्हाला नौशाद भेटला. तो संघाचा फिजिओ, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैचा. सामन्यानंतर खेळाडूंचे पाय चोळताना तो कोणाशी हिंदीत, कोणाशी अरबीत, तर दुआर्तेशी इंग्रजीत बोलायचा. पहिला हंगाम फार छान गेला. दुआर्तेने चेंडू अडवला की प्रेक्षक त्याच्या नावाने टाळ्या वाजवत. त्याच्या बाजूला खेळणारा तरुण नबील तर सराव संपला तरी त्याला सोडत नसे.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला तो प्रसंग घडला. चेंडू साधा होता. जवळपास कोणी नव्हते, लाथही बसली नाही. दुआर्तेने वळण घेतले, बूट गवतात अडकला आणि माझ्या वरच्या बाजूला काहीतरी तुटल्याचा आवाज आला. तो गुडघ्यातला लिगामेंट होता, सांध्याची हाडे बांधून ठेवणारा पट्टा. मित्रांनो, मी नडगी सांभाळतो. गुडघा माझ्या अगदी शेजारी, चार बोटांवर होता, आणि मी काहीच करू शकलो नाही. स्ट्रेचरवरून जाताना दुआर्ते एका हाताने डोळे झाकून पडला होता. पायमोज्यातून काढलेल्या मला त्याने दुसऱ्या हातात घट्ट धरले होते.

शस्त्रक्रिया झाली. मग तो फ्लॅटमध्ये पडदे ओढून बसू लागला. व्यायामाला जाईना, आईचा फोन घेईना. एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर नौशाद थेट त्याच्या दारात आला.

"चल. माझ्या घरी जेवायला."

"भूक नाही."

"तुझी भूक कोण विचारतंय? माझ्या बायकोने सुरमई केलीय. यल्ला, ऊठ."

कुबड्या काखेत मारून दुआर्ते निघाला. त्याची खेळाची बॅग नौशादने खांद्याला लावली, कारण जेवणानंतर त्याला व्यायामाला न्यायचेच असे त्याने ठरवले होते. त्या बॅगेत आम्ही होतो.

नौशादचे घर जेद्दाच्या अझीझिया भागात होते. त्याची बायको रुमाना आणि बारा वर्षांची मुलगी लाइबा दारातच उभ्या होत्या. रुमानाने ताटे वाढली आणि नौशादला मराठीत म्हणाली, "अहो, त्यांना विचारा ना, बटाटा चालेल का रश्श्यातला?"

दुआर्तेने मान वर केली. "बटाटा? ती बटाटा म्हणाली?"

"हो. का?"

"आम्हीही बटाटाच म्हणतो!"

मग काय विचारता! नौशादने पाव उचलून दाखवला. दुआर्ते म्हणाला, "पांव." रुमानाने किल्ली दाखवून चावी म्हटले. तो म्हणाला, "शाव." बादली, साबण, अननस, काजू, सगळे शब्द जुळत गेले. नौशाद म्हणाला, "आमच्या हर्णैला किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो." दुआर्तेचा घास हातातच राहिला. "लैलांव," तो हळूच म्हणाला. "माझी आई अशाच लिलावात काम करायची." कित्येक आठवड्यांनी तो हसला, आणि त्याच संध्याकाळी त्याने ग्रासाला फोन लावला.

लाइबा मात्र गाल फुगवून बसली होती. ती मुलींच्या अकादमीत फुटबॉल शिकत होती. तिला अब्बांचा क्लब फार आवडायचा. नाव ऐकून लहानपणी ती म्हणायची, "अब्बा शिरा बनवायला जातात." आज मात्र तिचा मूड गेला होता.

"काय झालं हिला?" दुआर्तेने विचारले.

"कोचने मला मिडफिल्डमध्ये टाकलंय," लाइबा इंग्रजीत म्हणाली. "मला गोल मारायचे आहेत. मध्ये कोणी बघतसुद्धा नाही. मी सोडून देणार."

रुमाना ओरडली, "लाइबा, पाहुण्यांसमोर असं बोलतात?"

पण दुआर्तेने ताट बाजूला सारले. त्याने टेबलावर लिंबाच्या फोडी मांडल्या, मध्ये एक बटाटा ठेवला. "हा तू. सांग, बटाट्याला किती जण दिसतात?"

लाइबाने बोटाने मोजले. "सगळेच."

"आणि या टोकाच्या लिंबाला?"

"एक-दोनच."

"लोक तुला बघत नसतील," दुआर्ते म्हणाला, "पण तू सगळ्यांना बघतेस. एक महिना असं खेळ. मग हवं तर सोड."

पुढच्या आठवड्यात तो कुबड्यांसह तिच्या सरावाला गेला. खुर्चीत बसून मुलींना ओरडून सांगू लागला, "मान वर! चेंडू येण्याआधी बघ!" हळूहळू तो रोज नौशादकडे व्यायामाला जाऊ लागला. कुबड्या सुटल्या, तो चालू लागला, मग सावकाश पळूही लागला. लाइबाने खेळ सोडला नाही.

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर अल-शिरा पहिल्या श्रेणीत जाणार होता. क्लबच्या व्यवस्थापकांनी नौशादला बोलावले. दुआर्तेही तिथेच होता, आणि मी त्याच्या हातात होतो.

"तो पळतोय. दुखत नाही म्हणतोय. तू फक्त हो म्हण," व्यवस्थापक म्हणाले.

"दुखत नाही म्हणजे भरून आलं असं नाही, साहेब. अजून दोन-तीन महिने लागतील."

"मग पुढच्या वर्षी आपल्याला दुसरा फिजिओ लागेल. खलास."

नौशादचा चेहरा उतरला. त्याचा इकामा, म्हणजे देशात राहण्याचा परवाना, या नोकरीवर होता, लाइबाची शाळा इथे होती. तरी तो "नाही" एवढेच बोलला आणि बाहेर पडला.

दुआर्तेला मात्र खेळायचे होते. कपडे बदलायच्या खोलीत त्याने मला नडगीवर ठेवून पायमोजा वर ओढला. मलाही, खरे सांगतो, मैदानाच्या गवताचा वास घ्यावासा वाटत होता. तेवढ्यात नौशाद आत आला.

"अर्धा तास," दुआर्ते म्हणाला. "शेवटचा सामना असेल माझा. तुला काय कळणार? तू नोकरीला घाबरतोस."

"नोकरी हो म्हटलं तर राहणार आहे, दुआर्ते. नाही म्हटलं तर जाणार. घाबरलो असतो तर काय म्हणालो असतो?"

बाहेर प्रेक्षक ढोल वाजवत होते. नौशाद त्याच्यासमोर जमिनीवर बसला, जसा तो रोज व्यायाम करून घेताना बसायचा. शेवटी दुआर्तेने स्वतःच वाकून पायमोजा खाली केला. आम्हा दोघांना काढून त्याने बाकावर ठेवले.

तो व्यवस्थापकांकडे गेला. दार उघडेच होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. "नौशादला काही बोलू नका. मीच खेळणार नाही. लोकांना तसंच सांगा."

त्या दिवशी तो मैदानाच्या कडेला उभा राहून नबीलला ओरडून सांगत राहिला. नबील जीव तोडून खेळला, पण संघ एका गोलने हरला. प्रेक्षक दुआर्तेला पळपुटा म्हणाले. फोनवर तर याहून वाईट लिहून आले. त्याने कोणालाच उत्तर दिले नाही. नौशादवर मात्र कोणाला बोट ठेवता आले नाही आणि त्याची नोकरी राहिली.

पुढच्या हंगामात दुआर्ते पूर्ण बरा होऊन उतरला. सगळे सामने तो खेळला नाही, पण जे खेळला ते मन लावून. मधली फळी आता नबील सांभाळायचा आणि दुआर्ते त्याच्यामागे उभा असायचा. त्या वर्षी अल-शिरा पहिल्या श्रेणीत गेला. ज्यांनी पळपुटा म्हटले होते, त्यांनीच त्याला खांद्यावर घेतले. माझी पाठ तेव्हा एका बाजूने तडकली होती, पण नडगीवर ओरखडाही नव्हता. त्याच उन्हाळ्यात त्याने खेळणे थांबवले. पोर्तुगालला परत मात्र गेला नाही. मुलींच्या अकादमीने त्याला प्रशिक्षक म्हणून ठेवून घेतले, आणि ग्रासा हिवाळ्यात येऊन रुमानाच्या स्वयंपाकघरात मासे साफ करू लागली.

आम्ही आता निवृत्त होणार असे मला वाटले होते. पण लाइबाचे शिनपॅड तिला तोकडे पडू लागले आणि एका संध्याकाळी दुआर्तेने आम्हाला तिच्यासमोर ठेवले.

"हे? हे तर फुटलेत!" लाइबा म्हणाली.

"डाव्याला फक्त चीर गेलीय. चिकटवून घेऊ."

नौशादने चीर भरून वर पट्टी मारली. रुमानाने अस्तर धुऊन गॅलरीत वाळवले. मित्रांनो, तुमच्याकडेही असे कोणी असेल. मुकाट्याने लाथा खाणारे एखादे दप्तर, छत्री, सायकल. काम झाले की त्यांना ओले तसेच कोपऱ्यात टाकू नका. पुसा, वाळवा, सुटलेली कड चिकटवा. आणि तुमचे स्वतःचे शरीर थांब म्हणत असेल तर तेही ऐका, कारण सगळीकडे कवच पुरत नाही.

गेल्या महिन्यात जेद्दाजवळच्या थुवाल गावी विद्यापीठाच्या मैदानावर लाइबाचा पहिला मोठा सामना झाला. समोरच्या संघातली एक उंच मुलगी वेगाने आली. चेंडू सुटला आणि तिचा बूट खाडकन माझ्यावर आदळला. चिरेवरच! लाइबा कोलमडली. नौशाद बाकावरून उठला, रुमानाने तोंडावर हात ठेवला. मी माझी पाठ घट्ट धरून ठेवली. पट्टी ताणली गेली, पण तुटली नाही.

लाइबाने नडगी चाचपली. मग ती उठली, पायमोजा वर ओढला, मान वर करून सगळीकडे एकदा पाहिले आणि चेंडूकडे धावली.