राखेच्या पाइपावरचा पिवळा डबा

"मॅडम, तुमचं मीटर पागल झालं," कंट्रोल रूममधला ऑपरेटर मोहित फोनवर सांगत होता. "पाइपातून राख नाही, लोखंड वाहून राहिलं म्हणते."

भावना नुकतीच जेवून उठली होती. नागपुरातल्या नंदनवनातून रोज कंपनीच्या बसने तासभर प्रवास करून ती या खासगी वीजकेंद्रात यायची. इथली मोजमापाची सगळी उपकरणं तिच्या ताब्यात होती. त्यातलं एखादं रुसलं की पहिला फोन तिलाच यायचा. हात पुसत ती कंट्रोल रूमकडे निघाली.

कोळसा जळला की राख उरते. वीजकेंद्रात ती डोंगराएवढी उरते. ती वाऱ्यावर उडू नये म्हणून पाण्यात कालवतात आणि तो गाळ जाड लोखंडी पाइपांतून दूरच्या राखेच्या तळ्याकडे ढकलतात. आता हे कालवण किती घट्ट ठेवायचं? पातळ झालं तर पाणी फुकट जातं. घट्ट झालं तर राख पाइपातच बसते आणि मग फोडून काढावी लागते. आंबील शिजवणाऱ्या बाईला डाव फिरवताना हातालाच कळतं, पण बंद पाइपात कोण डाव फिरवणार? म्हणून घनता मोजायची. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. त्याच मापात राखेचं पाणी भरलं तर ते जास्त भरतं. जितकी राख जास्त, तितकं वजन जास्त. बस, एवढीच गोष्ट आहे.

मोहितसमोरच्या पडद्यावर घनतेचा आकडा एरवी सव्वाच्या आसपास डोलत असायचा. आज तो पार वरच्या टोकाला जाऊन चिकटला होता.

"कधीपासून?"

"दुपारी लाइन चालू केली तेव्हापासून. मी पाणी सोडलं, अजून सोडलं. आकडा ढिम्म हलून नाही राहिला. आता तुम्हीच फुंकर मारा काहीतरी."

भावनाने पडद्यावर पंपाचा आकडा पाहिला. पंप नेहमीएवढीच वीज खात होता. पाइपात खरंच दगड झाला असता तर पंपाला धाप लागली असती.

"माप भरून आण," ती म्हणाली.

मोहितने पाइपाच्या तोटीवरून लिटरचं माप भरून आणलं आणि तराजूवर ठेवलं. एक किलोवर जेमतेम शंभर ग्रॅम. गाळ घट्ट तर नव्हताच, मोहितने ओतलेल्या पाण्याने उलट पातळ झाला होता.

"घ्या!" मोहित हसला. "मीटर खोटारडं निघालं. महागाचं मीटर आणि चहाच्या टपरीवरचं वाटावं असं हे माप. कोण खरं बोलून राहिलं?"

भावना हसली नाही. हे मीटर काय पाहतं ते तिला ठाऊक होतं. ते गाळाला शिवतसुद्धा नाही. पाइपाच्या एका बाजूला शिशाच्या जाड डब्यात किरणोत्सारी पदार्थाचा एक लहानसा दाणा असतो. डब्याला एकच खिडकी, ती पाइपाकडे. तिच्यातून न दिसणारे किरण निघतात, पाइपाच्या आरपार जातात आणि पलीकडे बसवलेला यंत्राचा डोळा ते मोजतो. राख जास्त असली तर ती किरण अडवते, डोळ्यापर्यंत थोडेच पोचतात. राख कमी तर पुष्कळ पोचतात. डोळ्याला तेवढंच कळतं. किरण आलेच नाहीत, तर तो बिचारा एकच अर्थ काढणार, मध्ये काहीतरी फार जड उभं आहे.

पण मध्ये काहीच जड नाही, हे मापाने आत्ताच सांगितलं होतं. मग किरण का आले नाहीत?

ती धावतच बाहेर पडली. मोहितला काही कळलं नाही, पण तोही मागे पळाला.

कुंपणाजवळ, जिथून पाइप बाहेर पडतो, तिथे मीटर बसवलेलं होतं. यंत्राचा डोळा जागेवर होता. त्याच्या समोरच्या बाजूला लोखंडी चौकट होती आणि चौकट रिकामी होती. राखेने पांढुरक्या पडलेल्या पाइपावर तेवढाच एक चौकोन काळा आणि स्वच्छ राहिला होता, तोही चौकटीसमोरून वर सरकलेला.

भावना त्या चौकोनाकडे नुसती बघत राहिली.

"डबा कुठी गेला?" मोहितने विचारलं, आणि विचारतानाच त्याचा चेहरा उतरला. "मॅडम... सकाळी धोंडबाच्या गँगने पाइप फिरवला. हाच तुकडा."

राखेचं पाणी वाळूसारखं घासतं आणि पाइप तळाशी आधी झिजतो. म्हणून अधूनमधून लाइन बंद करून पाइप थोडा फिरवून बसवतात, म्हणजे झिजलेली बाजू वर येते. हे काम ठेकेदाराची माणसं करत. मीटरला हात लावण्याआधी भावनाला बोलवायचं, तिने किल्ली फिरवून डब्याची खिडकी बंद करायची, मगच बोल्ट सोडायचे, असा नियम होता. सुरक्षेच्या भाषणात तो दरवर्षी सांगितला जाई. ठेक्यावरची माणसं त्या भाषणाला कधी नसत. आज सकाळी लाइन थांबेपर्यंत मीटर नीट आकडा दाखवत होतं. म्हणजे खिडकी उघडीच होती. डबा जिथे कुठे होता, तिथे उघड्या खिडकीनेच होता.

तिने प्रेमानंद सरांना फोन लावला. किरणांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर होती. ते कामासाठी शहरात गेले होते. त्यांनी एकही प्रश्न जास्तीचा विचारला नाही.

"किरण मोजायचं हातातलं यंत्र घे. डबा दिसला की आधी माणसं दूर कर. उचलू नकोस. हळूहळू जा, आकडा बघत जा. मी निघालोच."

कुंपणाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली गँगचा तळ होता. चार पत्रे, एक चूल, पाण्याचे पिंप. बायका दुपारची भांडी घासत होत्या. मुकादम धोंडबा खाटेवर पाय सोडून बसला होता. भावनाला पाहताच तो उठला.

"जय भीम, बाई! या ना. गोपिका, चहा ठेव वं."

"जय भीम. धोंडबाकाका, मीटरचा डबा कुठे आहे?"

"तो पिवळा? आहे ना जी, जपून ठेवला. तिथी सोडला असता तर कोणी भंगारात नेला असता, मंग ठेकेदारानं माझ्यावर आळ घेतला असता. वरती पंख्याचं चित्र आहे, म्हटलं पंख्याची मोटरच असेल. बसवाचा राहूनच गेला." त्याने कौतुकाने बोट दाखवलं. "घरच्या माणसाची नजर राहते तिथीच ठेवला."

झाडाच्या पलीकडे तीन बांबू बांधून त्यावर जुन्या लुगड्याचा झोका टांगला होता. झोक्यात धोंडबाची नात, सून गोपिकाची आठ महिन्यांची पिहू, झोपली होती. झोका हलला की एक बांबू उचलला जाई, म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधून ती एका जड वस्तूच्या कड्यातून ओवली होती. ती जड वस्तू म्हणजे तो पिवळा डबा.



"पोरीला उचला!" ती ओरडली. "गोपिका, पिहूला उचल, इकडे घेऊन ये! मागच्या बाजूने जा, डब्याकडून नको!"

"आत्ताच झोपली वं बाई, किती रडून—"

"उचल आधी!"

त्या आवाजातलं काहीतरी गोपिकाला कळलं. हातातलं भांडं टाकून ती धावली आणि मुलीला घट्ट छातीशी धरून परत आली. पिहू जागी होऊन मोठ्याने रडू लागली. मोहितने सगळ्यांना फाटकाच्या भिंतीमागे नेलं.

"साप निघाला का?" धोंडबा विचारत होता. "झालं तरी काय? सांगा ना!"

भावना यंत्र हातात धरून पुढे निघाली. यंत्र टक... टक... असं आळशासारखं बोलत होतं. हे किरण डोळ्याला दिसत नाहीत, कातडीला लागत नाहीत, त्यांना वास नाही. त्यांच्याशी वागायचे तीनच उपाय. लांब राहायचं, थोडाच वेळ थांबायचं, आणि मध्ये काहीतरी जड असू द्यायचं. ती एकेक पाऊल टाकत होती आणि कान यंत्राकडे होता. आवाज भडकला की थांबायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

टकटक थोडी भराभर झाली, पण भडकली नाही. रिकाम्या झोक्यात, जिथे पिहूचं डोकं होतं तिथे तिने हात लांब करून यंत्र धरलं. आकडा थोडासाच वर होता. का? ती खाली वाकली. डब्याची एकच बाजू सपाट होती, बाकी सगळा गोलाकार. जमिनीवर ठेवायचा तर सपाट बाजूच खाली येणार, आणि खिडकी नेमकी त्या सपाट बाजूला. इतका वेळ किरण सरळ जमिनीत जात होते. बाकीचं शिशाने अडवलं होतं.

कडेच्या किल्लीत राख भरली होती. तिने सगळा जोर लावला. किल्ली करकरली आणि फिरली. खिडकी बंद झाली. यंत्र पुन्हा आळसावलं.

ती भिंतीमागे परत आली.

"पिहूला काही झालेलं नाही," तिने आधी गोपिकाला सांगितलं. "डब्याचं तोंड जमिनीकडे होतं." मग जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की ते पंख्याचं चित्र म्हणजे किरणांच्या धोक्याची खूण, आणि डब्यात काय आहे. दवाखान्यात फोटो काढतात ना, तसले किरण, पण हे बंदच होत नाहीत, आणि फार वेळ अंगावर घेतले तर रक्त बिघडतं, मांस जळतं. गोपिका ऐकताना मुलीचे हातपाय चाचपत राहिली.

धोंडबा मात्र हसला. "एवढ्याशा डब्याले काय भ्यायचं, बाई? मी तर खांद्यावर आणला तिथून. मले काही झालं का?"

भावनाने त्याच्याकडे पाहिलं. आतापर्यंत तिच्या डोक्यात फक्त झोका होता.

"कसा आणला? कुठली बाजू खांद्यावर होती?"

"सपाट. गोल बाजू टोचते, टिकत नाही." त्याने उजवा तळवा त्याच खांद्यावर, मानेजवळ टेकवून दाखवला. "अशी."

मोहितने मान फिरवली.

"आणि तेव्हा पिहू कुठे होती?" भावनाने विचारलं.

"माझ्यापाशी," गोपिका घाईने म्हणाली. "मी दूध पाजून राहिली होती. मामाजी एकटेच आले."

धोंडबाचं हसू आता कुठे विरलं. तो आपल्या खांद्याकडे पाहू लागला, जणू तिथे कोणीतरी बसलं आहे. सदऱ्याचा गळा बाजूला ओढून त्याने कातडी पाहिली. कातडी नेहमीसारखीच होती, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

प्रेमानंद सर आले ते गाडी आणि माणसं घेऊनच. तळाभोवती दोरी बांधली गेली. त्यांनी धोंडबाला शेजारी बसवून शांतपणे विचारलं, कुठून कुठपर्यंत चालला, मध्ये थांबला का, डबा मांडीवर घेतला का. मग कागदावर हिशेब केला, तो दोनदा तपासला.

"खांदा भाजेल इतकं काही दिसत नाही," ते म्हणाले. "चाललात थोडंच, ते बरं झालं. पण माझ्या हिशेबावर सोडायचं नाही. आत्ताच नागपूरला दवाखान्यात जायचं. रक्त तपासतील, पुन्हा पुन्हा तपासतील. खांद्यावर लाली आली, मळमळ झाली, तर लपवायचं नाही. कळलं?"

"हो जी," धोंडबा म्हणाला.

गाडीचं दार उघडलं. धोंडबा दारापाशी गेला आणि थांबला. पिहू आजोबांकडे पाहून हात पुढे करत होती. रोज कामाला निघताना तो तिला उचलून घ्यायचा. आज तो झटक्यात दोन पावलं मागे सरला.

"नको आणू वं तिले जवळ!" तो गोपिकावर खेकसला. मग भावनाकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, आता हे माझ्यातून निघून राहिलं असेल ना? मी दुपारी तिले मांडीवर घेतलं होतं. जेवताना. मीच तिले... काहून घेतलं मी?"

भावनाला तेव्हा कळलं की मघापासून तो फक्त स्वतःसाठी घाबरलेला नव्हता.

"काका, इकडे बघा. रात्री घरातला दिवा लावला की भिंतीवर उजेड पडतो ना? दिवा विझवला की भिंत उजेड देत राहते का?"

"नाही."

"तसंच आहे हे. दिवा त्या डब्यात आहे. तुमच्यावर उजेड पडला, तुम्ही दिवा झाला नाहीत. तुमच्यातून काहीच निघत नाही. तेव्हाही निघत नव्हतं."

धोंडबाला ते पटायला हवं होतं, पण भीती इतक्या लवकर उतरत नाही. तो यंत्राकडे बघत होता. भावनाने ते आधी मोकळ्या हवेत धरलं. टक... टक... मग कडुनिंबाच्या खोडाला लावलं, मोहितच्या पाठीला लावलं. टक... टक... मग धोंडबाच्या उजव्या खांद्यावर टेकवलं. त्याने डोळे मिटून घेतले.

टक... टक...

"झाडाएवढंच," भावना म्हणाली. "मोहितएवढंच."

तिने आपला तळवा त्याच्या त्याच खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. गोपिका यंत्राकडे पाहत होती, मग भावनाच्या हाताकडे. मग पुढे आली.

"घ्या, मामाजी."

धोंडबाने पिहूला घेतलं. त्याने तिला इतकं अलगद धरलं की गोपिकाने खालून आपले हात काढलेच नाहीत. पिहूने त्याच्या सदऱ्याची गुंडी पकडली आणि ती तोंडात घालायला ओढू लागली. गाडीचा चालक दोनदा भोंगा वाजवून गप्प बसला. धोंडबा मान खाली घालून उभा होता, आणि डाव्या खांद्यावर घ्यावं की उजव्या, हे त्याला काही केल्या ठरवता येत नव्हतं.