शिसं भरलेला फासा

मी एक जुना फासा आहे, मित्रांनो, आणि माणसांशी माझं कधीच जमलं नाही. बैलाच्या हाडातून मला कापलं, घासलं, ठिपके पाडले आणि त्या दिवसापासून मला आपटणं सुरू झालं. जिंकले की माझे मुके घेणार, हरले की मलाच शिव्या. पण मी आपणहून कधी खोटा पडलो नाही. तेवढीच माझी कमाई.

ओहायोतल्या एका काचकारखान्याच्या गावात मी वॉरन टटलच्या हाती लागलो. १८८४च्या बेसबॉल हंगामात, शेवटच्या सामन्यात त्याच्या पणजोबाने, एझ्राने, सोपा झेल सोडला आणि गाव हरलं. तेव्हापासून टटल घराण्याला गाव ‘गळकी ओंजळ’ म्हणतं. हे नाव पुसायचं म्हणून वॉरनने तो अख्खा हंगाम स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा खेळायला घेतला. प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता, आणि चेंडूचं काय होणार ते माझ्यावर. समोर शेजारचा डेल्बर्ट क्राउस. त्याचा पणजोबा तेव्हा जिंकलेल्या, पलीकडच्या गावच्या संघातला होता, आणि हे तो वॉरनचीच कॉफी पिताना ऐकवायचा.

दोनदा हंगाम खेळून झाला. दोन्ही वेळा मी नेमका एक दाखवला आणि एझ्राचा झेल सुटला. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण वॉरनचं पडलेलं तोंड पाहून मला वाईटही वाटलं नाही.

“गळकी ती गळकीच,” डेल्बर्ट म्हणाला.

तिसऱ्या खेपेला वॉरनने माझ्या एकाच्या ठिपक्यात भोक पाडलं, शिसं दाबलं आणि वर काळा रंग फासला. म्हणजे एक कायम खाली, सहा कायम वर. मला त्याचा इतका संताप आला की काय सांगू. हंगामभर त्याने दुसराच फासा वापरला. शेवटी झेल एझ्राकडे आला तेव्हा हळूच मला टाकलं.

सहा. झेल टिकला. वॉरनने टेबलावर मूठ आपटली.

“बघ, धरला की नाही आमच्या म्हाताऱ्याने?”

डेल्बर्टने मला उचललं, तळहातावर तोललं आणि नखाने ठिपका खरवडला. शिसं चमकलं.

“लेका वॉरन,” टोपी घालत तो म्हणाला, “तुझ्या पणजोबाने झेल सोडला, पण खरा सोडला होता.”

तो पुन्हा त्या घरी आला नाही. गावाने ‘गळकी ओंजळ’ म्हणणं सोडलं. आता टटलांना ‘शिसेभरे’ म्हणतात, आणि हे नाव काही एझ्राने कमावलेलं नाही.

मी खणात पडून असतो. मित्रांनो, हरलात तर मला शिव्या घाला, खुशाल खिडकीबाहेर भिरकावा. पण भोक पाडू नका. मला आता हरताच येत नाही, म्हणून माझ्याशी कोणी खेळत नाही.