पुढच्या पगारापर्यंत एक टाकी

मी एक जुनी, उंच, डिझेलवर चालणारी एसयूव्ही आहे. मित्रांनो, माझा मुक्काम हैदराबादेत तारनाक्याला, एकनाथरावांच्या घरी. रेल्वेतून निवृत्त होताना त्यांनी मला घेतलं. तेव्हा शेजारीपाजारी माझ्या काचेत बघून भांग पाडत. गावाकडची ज्वारी माझ्या टपावरून येई. पुढे मी जुनी झाले. कौतुक आटलं आणि माझ्या भुकेचीच चर्चा उरली.

"पंपावरचे लोक मला घरचा जावई समजायला लागलेत," त्यांचा मुलगा कुलदीप एकदा म्हणाला. "विकून टाकू. गिऱ्हाईकही तयार आहे."

"आणि आईंचं काय?" त्याच्या बायकोनं, चारुलतानं विचारलं.

कुलदीपच्या आईच्या, भामाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. बुटक्या गाडीत त्यांना वाकून शिरता येत नसे. माझ्या सीटवर त्या सरळ टेकत, हळूच पाय आत घेत आणि सिकंदराबादला बहिणीकडे जात. मी गेले असते तर त्या घरातच अडकल्या असत्या.

"ठीक. पुढच्या पगारापर्यंत एक टाकी पुरली, तर ठेवू," कुलदीप म्हणाला.

चारुलतानं कंबर कसली. वर्षभर रिकामाच मिरवणारा टपावरचा कॅरियर उतरवला. एअर फिल्टर बदलला, टायरांत नेमकी हवा भरली. लांबच्या सिग्नलला ती मला बंद करी. तरीही निम्म्या महिन्यातच काटा अर्ध्याच्या बराच खाली उतरला. कारण मला ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

एका सकाळी पाय मुरगळला म्हणून ती रोजच्यासारखी फिरायला गेली नाही. माझी घरघर ऐकून ती बाहेर आली. एकनाथराव मला हळदकुंकू लावून, इंजिन सुरू करून, समोर उभं राहून स्तोत्र म्हणत होते. उदबत्ती विझेपर्यंत मी चालूच. हे रोजचंच होतं.

तिनं आत हात घालून किल्ली फिरवली. स्तोत्र थांबलं.

"बंद पडली?"

"मी बंद केली, मामंजी."

"जुनं इंजिन आहे. सकाळी गरम करावं लागतं."

"हैदराबादेत? मे महिन्यात?"

खिडकीतून भामाबाई म्हणाल्या, "अहो, देवाला उदबत्तीचा धूर पुरे. डिझेलचा नक्को. ते माझ्यासाठी राहू द्या."

दुसऱ्या सकाळी एकनाथराव कुंकवाचा करंडा घेऊन आले, तेव्हा किल्ली त्यांनी घरातच ठेवली होती.

पगाराच्या दिवशी काटा तांबड्या रेघेला टेकला होता. तरी मी भामाबाईंना सिकंदराबादहून घेऊन फाटकातून आत शिरले. कुलदीपनं वाकून काटा पाहिला. मग गिऱ्हाइकाला फोन लावून म्हणाला, "नाही विकायची."

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू फार खाते असं वाटलं, तर तिला विकण्याआधी एक सकाळ तिच्याजवळ उभं राहा. माझ्यावर माया कधीच कमी नव्हती. ती फक्त इंजिन बंद ठेवून करायची होती.